हातोड्यावरची अक्षरं

वनरक्षकाला सरकारकडून मिळणाऱ्या हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरं असतात. लाकडावर मारला की ती सुलट उमटतात. आधी रेंजची, म्हणजे वनक्षेत्राची अक्षरं आणि पुढे बीटचा, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीचा, आकडा. कोणी चोरून साग तोडला की मागे राहिलेल्या थुटाचं सालटं कुऱ्हाडीने काढून सपाट जागा करायची आणि तिथे हा हातोडा मारायचा. वादळात झाड पडलं तर बुंध्यावर मारायचा. मारला की ते लाकूड सरकारचं. मारणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नसतं.

आमच्या क्वार्टरमध्ये तो स्वयंपाकघराच्या दारामागे असायचा, ह्यांच्या जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेला. हे गेल्यावर तो ऑफिसात जमा झाला आणि काही महिन्यांनी माझ्या हातात परत आला. कापड तेच होतं. मी तो त्याच दारामागे ठेवला. दुसरी जागा सुचली नाही.

मी शहाद्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करायचे. पुस्तकं देणं, घेणं, फाटलेली चिकटवणं. हे गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर नोकरीचा विषय निघाला, तेव्हा ऑफिसातले साहेब म्हणाले, लिपिकाची जागा निघेल तेव्हा निघेल, वनरक्षकाची आत्ता आहे. ह्यांचंच बीट रिकामं आहे. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. चहा घेणार का, हो. इथे सही करणार का, हो.

गावाकडे सासूबाई मात्र म्हणाल्या, "तुले जमी का? डोंगर शे तो, पुस्तक नही."

"जमेल," मी म्हटलं.

"मंग बूट चांगला ली," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

कागद खूप भरावे लागले. प्रत्येकावर ह्यांचं पूर्ण नाव. मृत कर्मचाऱ्याचे नाव, या ओळीपुढे. माझं अक्षर चांगलं आहे आणि ते नाव मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी त्याचा नुसता आकार उरला. तोंडाने मात्र मी ते कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडे बायका घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही दोन ओळींच्या मध्ये दडवून. नंतर 'अहो' होतं, 'हे' होतं. हे गेल्यावरही 'हे'च राहिले.

भाद्रपदात हे वरच्या पाड्याकडे रोपवन बघायला गेले होते. तिथे छातीत दुखायला लागलं. पाड्यातल्या लोकांनी बांबूला गोधडी बांधून झोळी केली आणि डांबरी रस्त्याकडे निघाले. मधल्या खिंडीत अंजनाचं एक झाड आहे. झोळी नेणारे तिथे खांदा बदलतात. तिथे त्यांनी झोळी खाली ठेवली. ह्यांनी पाणी मागितलं. एकजण नाल्यावर गेला, तो येईपर्यंत हे गेले. मला एवढंच माहीत आहे, आणि तेही प्रत्येकाने मला वेगवेगळ्या क्रमाने सांगितलं आहे. मी त्या वेळी एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. फोन वाजला तेव्हा बोटं चिकट होती, म्हणून आधी ती पुसली.

लोक म्हणाले, एकदा रडून घे. मी एका दुपारी दार लावून बसले आणि वाट पाहिली. काही आलं नाही. मग उठून डाळ टाकली.

बीटवर माझ्याबरोबर वरच्या पाड्यातली एक वनमजूर बाई असायची. माझ्याच वयाची, पावरा आदिवासी, चालताना हातात विळा आणि तोंडात काहीतरी चघळायला. ती ह्यांच्याबरोबरही फिरली होती. घरी ती पावरी बोलायची, माझ्याशी मराठी. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. "आमच्यात सगळ्यांना तू," तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. "माझा सासरा कलेक्टरलाही तू म्हणाला होता. कलेक्टर हसला. तूही हस."

चालता चालता थुटं दिसायची. काहींवर आधीच्या गार्डने मारलेला हातोडा, उथळ, निम्मा उठलेला. काहींवर ह्यांचा. ह्यांचा ओळखू यायचा. एका घावात खोल आणि डावीकडे थोडा कललेला. सागाचं थूट मरत नाही, त्याला कडेने फुटवे येतात, आणि फुटव्यांची पानं मोठ्या झाडाच्या पानांपेक्षाही मोठी असतात. त्या पानांखाली ती अक्षरं असायची. बाई पान उचलून दाखवायची, "हा त्याचा." मी बघायचे. आम्ही पुढे जायचो. मला त्यातून काही व्हावं, असं तिला वाटत असावं. ती माझ्याकडे जरा वेळ बघायची आणि मग पान सोडून द्यायची.

होळी झाली, मोहाच्या फुलांचा महू वेचून झाला. एक दिवस वनपाल साहेबांनी बोलावलं. ते ह्यांचे मित्र. आमच्या घरी कितीदा जेवलेले. आता माझे वरिष्ठ, त्यामुळे त्यांची पंचाईत व्हायची.

"वहिनी," ते म्हणाले, मग म्हणाले, "मॅडम. तो नाल्यातला साग राहिलाय. मागच्या वळवाच्या वादळात पडलेला. पावसाआधी लाकडाच्या सरकारी आगारात गेला पाहिजे, नाहीतर पुरात जाईल. ट्रॅक्टर लावतो. तुम्ही जाऊन जागा बघून या."

तो साग पडला त्या आठवड्यात ह्यांनीच त्याच्यावर हातोडा मारला होता. घरी येऊन म्हणाले होते, एवढं सरळ झाड वर्षानुवर्षं वाढतं आणि एका वाऱ्यात जातं. मी तेव्हा पीठ मळत होते. हं म्हटलं होतं.

आम्ही दोघी नाल्यात उतरलो तर त्या खोडावर एक म्हातारा बसलेला. डोक्याला फडकं, गुडघ्यावर कुऱ्हाड.

"हाच माझा सासरा," बाई म्हणाली. "सकाळपासून बसलाय. ट्रॅक्टरचं मीच बोलून गेले घरी."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू गार्डबाई?"

"हो."

"का गार्डची बाई?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्याला ते पटलं असावं. तो खोडावर थोडा सरकला, मला जागा केली. मी बसले नाही. तो म्हणाला, "हे झाड त्याचं आहे. त्याला दे."

मी बाईकडे पाहिलं. तिने समजावलं. माणूस घरापासून लांब, वाटेत गेला, तर जिथे गेला तिथे त्याचा खांब उभा करायचा. सागाचा, कोरलेला. खांब नसला तर तो पुढे जात नाही, तिथेच बसून राहतो. पाऊस लागायच्या आत उभा केला पाहिजे. खिंडीत अंजनाखाली अजून काही उभं नाही.

"आणि हे झाड त्याचं कसं?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने बुंध्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "त्याने नाव लिहिलं ना. तू शाळा शिकलेली. वाच."

मी वाचलं. ही रेंजची अक्षरं, हा बीटचा आकडा. हे नाव नाही, बाबा, मी म्हटलं. सरकारची खूण आहे.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सगळ्या जंगलात तो हेच लिहीत फिरला. उन्हात, पावसात. माणूस दुसऱ्याचं नाव असं लिहीत फिरतो का?"

"त्याचं काम होतं ते."

"आता तू मारते. तर काय उठतं?"

"हेच."

"मग बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "नवऱ्याचंच नाव लावते ना बाई."

सून हसायला लागली. "तो नाही ऐकणार. कानात महू भरलाय त्याच्या."

"तू गप," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता कुऱ्हाडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत बोलला. "पुढचा खांदा माझा होता. मीच म्हटलं, ठेवा, खांदा बदलू. मी ठेवला तिथे तो बसला. नंतर एकदा गेलो तर विचारतो, पाणी आणलं का."

बाईचं हसणं थांबलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हापासून हा खिंडीतून जातच नाही. बाजाराला जायचं तर वरच्या डोंगराला फेरा घालून जातो. गुडघे सुजतात. घरात कोणी काही बोलत नाही."

मी खोडाची लांबी-रुंदी घेतली, ट्रॅक्टर कुठपर्यंत येईल ते बघितलं, आणि परत फिरले.

वनपाल साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"द्यायचं म्हटलं तर अर्ज करावा लागेल. तो वर जाईल. उत्तर येईपर्यंत त्या खोडाला पालवी फुटेल." मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला विचारलंच नसतं तर?"

"विचारलं."

"हो ना," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

ट्रॅक्टर आला. साखळी लावून खोड नाल्यातून वर ओढलं तेव्हा दगडांवर त्याचं साल निघत गेलं. मी साखळी बघत होते, ती सुटली तर पोरं खाली उभी होती. म्हातारा काठावर उभा होता. आडवा आला नाही, ओरडला नाही. खोड ट्रॉलीत पडल्यावर मला म्हणाला, "तुझा नवरा चालला बघ. ट्रॅक्टरात बसून."

ड्रायव्हर हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. मी त्याला निघायला सांगितलं. मला राग आला नव्हता. म्हाताऱ्याला उत्तर द्यावं असंही वाटलं नाही. नियम तेवढा हाताशी होता, तो मी वापरला. दुसरं काही हुडकण्याइतकं त्या दिवसांत माझ्यात काही नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सासरी गेले. तापीकाठचं गाव, केळीच्या बागा, गल्लीत कडुलिंबाला झोके बांधलेले आणि त्यांवर माहेरी आलेल्या पोरी. आमच्या घरात त्या वर्षी झोका नव्हता. सासूबाईंनी नवी घागर आणली होती. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आमरस आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. एक घागर सासऱ्यांची होतीच. ही दुसरी.

सासूबाई पाणी ओतत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"त्यानी पानी मांगं ना?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. "हो," मी म्हटलं.

"दिधं का कोनी?"

"आणायला गेले होते. येईपर्यंत..."

"म्हंजे नही दिधं."

त्यांनी घागर काठोकाठ भरली, ओल्या हाताने तिचं पोट पुसलं आणि म्हणाल्या, "मंग आठे घागर भरीसन काय व्हई? तो तठे शे."

त्या कधी डोंगरात आल्या नव्हत्या. त्या म्हाताऱ्याची आणि त्यांची भेट होण्याचं कारणच नाही, झाली तर एकमेकांची भाषा त्यांना कळणारही नाही. मी खांबाचं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. तरी तो तिथेच आहे, हे म्हाताऱ्याचंच बोलणं त्यांच्या तोंडून आलं, आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत पाण्याची एक प्लास्टिकची बाटली ठेवली. घागरीतलं पाणी. "तठे ली जाय. नहीतं रस्तामा तूच पी जाशी, ध्यान ठेव."

"नाही पिणार," मी म्हटलं.

शहाद्याच्या बसस्टँडवर ऊन फार होतं आणि माझी स्वतःची बाटली संपली होती. मी स्टॉलवरून दुसरी विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी बीटवर वनमजूर बाई म्हणाली, आज खिंडीकडून जाऊ. मी त्या दिवसापर्यंत तिकडून एकटी कधी गेले नव्हते, तिच्याबरोबरही नाही. बीट मोठं आहे, दुसऱ्या वाटा असतात. मी म्हटलं, चल.

अंजनाखाली खड्डा खणलेला होता आणि शेजारी एक खांब आडवा ठेवलेला. पाड्यातली चार माणसं सावलीला बसली होती. म्हातारा खांबाशी उकिडवा बसून छिन्नीने काहीतरी साफ करत होता.

"हा कुठला?" मी विचारलं. तोंडून तेच आलं, गार्डचं.

"माझ्या ओसरीचा," तो वर न बघता म्हणाला. "आजाच्या वेळचा साग. तपास, कोणाचा हातोडा नाही त्याच्यावर."

"आणि ओसरी?"

सुनेने उत्तर दिलं. "ओसरीला निलगिरीचं दांडकं लावलंय. वारा आला की छप्पर हलतं. आम्ही बाहेर झोपतो."

मी खाली बसले. खांबावर वर सूर्य आणि चंद्र कोरले होते. त्यांच्याखाली एक माणूस, डोक्यावर टोपी, ह्यांची खाकी टोपी असावी, आणि तो कशावर तरी बसलेला.

"फटफटी जमली नाही," म्हातारा म्हणाला. "घोडा केला."

"घोडाही नाही जमला," सून म्हणाली. "बकरी आहे ती."

"तुझा बाप बकरी."

सावलीतली माणसं हसली. मीही हसले असेन, बाई नंतर म्हणाली तसं. मला आठवत नाही. त्या माणसाचे पाय घोड्याच्या पोटाखाली जवळजवळ जमिनीला टेकले होते. ह्यांचे पाय लांब होते, मोटारसायकलवर बसले की तसेच दिसायचे.

घोड्याखाली वीतभर जागा तासून सपाट केलेली होती, थुटावर करतात तशी. म्हाताऱ्याने तिच्यावर हात फिरवला. "आता नाव," तो म्हणाला.

"बाबा, मी तुला सांगितलं ना, ते नाव नाही."

"नसू दे. तू मार."

हातोडा पिशवीतच होता, बीटवर तो नेहमी असतो. मी कापड सोडलं. खासगी लाकडावर सरकारी हातोडा मारायचा नसतो. मारला तर हिशेबाने तो खांब सरकारचा होतो आणि त्याला आगारात न्यावं लागतं. हे मला माहीत होतं आणि वनपाल साहेबांना या वेळी मी विचारणार नव्हते. पहिला घाव घसरला. जुना साग, फार कठीण. अक्षरांची नुसती सावली उठली.

"तो एकात उठवायचा," सावलीतला एकजण म्हणाला.

"त्याचे हात कुठे आणि हिचे कुठे," सून त्याच्यावर खेकसली. "तू मारून दाखव."

मी गुडघा टेकला, खांबावरचा डावा हात मागे घेतला आणि पुन्हा मारला. या वेळी आवाज वेगळा आला, भरीव. हातोडा उचलला तर अक्षरं पूर्ण उठली होती. खोल, आणि डावीकडे थोडी कललेली. मी कललेली मारायची असं ठरवलं नव्हतं, आणि आधी माझा घाव कधी एवढा पूर्ण उठलाच नव्हता. हातोडाच तसा असावा, दांडा जरा वाकडा बसलेला. म्हणजे इतके दिवस ज्याला मी ह्यांचा हात समजत होते तो कदाचित दांडा होता. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि त्यानेही काही झालं नाही. मी अक्षरांतला भुसा फुंकून काढला.

म्हातारा जवळ सरकला. त्याने बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं, नाल्यात ठेवलं होतं तसंच.

"वाच," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. रेंजची अक्षरं, बीटचा आकडा. मी त्याचं बोट बाजूला करून माझं बोट तिथे ठेवलं आणि ह्यांचं नाव घेतलं. कागदांवर लिहायचे तसं पूर्ण, आधी ह्यांचं, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. अक्षरं थोडी आणि नाव लांब, म्हणून शेवटच्या आकड्यावर बोट जरा जास्त वेळ ठेवावं लागलं. माझा आवाज मला पुस्तकातलं वाचल्यासारखा ऐकू आला.

म्हाताऱ्याने ते नाव मागून म्हटलं. मधलं अक्षर त्याला जमलं नाही. सुनेने दुरुस्त केलं. तो पुन्हा चुकला आणि मग तसंच ठेवलं.

त्यांनी खांब उभा केला, खड्ड्यात दगड ठोकले, माती दाबली. त्यांचं जे काही करायचं होतं ते त्यांनी केलं. शेवटी म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून सासूबाईंनी दिलेली बाटली काढली आणि खांबाच्या बुडाशी पाणी ओतलं. माती कोरडी होती, पाणी लगेच आत गेलं. मी सगळी बाटली ओतली, झाकण लावलं, बाटली परत पिशवीत ठेवली.

त्या दिवशी खालच्या गावचा बाजार होता. म्हाताऱ्याने कुऱ्हाड सुनेच्या हातात दिली, फडकं डोक्याला नीट बांधलं आणि अंजनाजवळून, खिंडीतल्या सरळ वाटेने तो खाली उतरायला लागला. खांबाकडे पाहून तो काहीतरी पुटपुटला, पण थांबला नाही.

"मीठ आण," सून मागून ओरडली. "विसरू नको. मागच्या वेळी विसरला."

त्याने न वळता हात वर केला. मी हातोडा कापडात गुंडाळला. बीटचा बराच भाग अजून फिरायचा राहिला होता, आणि आम्ही निघालो.